उठायच्या आधी एक कमिट

धुळ्यात सून म्हणून आले तेव्हा मला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, एक अहिराणी आणि दुसरा नळ. माझं माहेर जळगावचं. तिथे आमच्या इमारतीला बोअर, गच्चीवर टाकी, तोटी फिरवली की पाणी. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत मात्र नळ पाहुण्यासारखा येतो. आठवड्याने येईल, कधी त्याहून उशिरा. सकाळी येईल किंवा ऐन दुपारी, आणि आला की तासभरसुद्धा टेकणार नाही. गल्लीत कुणीतरी ओरडतं, "नळ उना वं!" मग जिच्या हातात जे असेल ते टाकून ती धावते. नळ आला की आमचा शेजारधर्म तेवढ्यापुरता सुटीवर जातो, हेही मी पहिल्याच महिन्यात शिकले. एरवी वाटीभर साखरेसाठी कुठलंही दार ठोठावा, पण त्या वेळी सख्खी जाऊसुद्धा आपली नळी सोडून तुमच्याकडे बघणार नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही तशीच आहे.

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. घरी बसून, एकटी. पहूरच्या एका बियाण्यांच्या दुकानाचा साठा सांभाळणारा, साक्रीच्या एका क्लासची हजेरी घेणारा, अशी छोटी छोटी कामं. नवरा सकाळी शिरपूरला नोकरीवर जातो तो दिवेलागणीलाच परत येतो. मधला सगळा वेळ घर माझं आणि मी घराची. टेबलही मी स्वयंपाकघरातच मांडलंय, खिडकीखाली, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजायला दुसरं कुणी नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. प्रोग्रॅम लिहिताना मध्येच थांबून, तो त्या क्षणी जसा आहे तसा जपून ठेवायचा आणि त्यावर एका ओळीची चिठ्ठी डकवायची, याला कमिट म्हणतात. पुढे काही बिघडलं की त्या जागी जसंच्या तसं परत जाता येतं. दहा जणांची टोळी असली की कमिट कधी करायचं याचे नियम ठरलेले असतात. एकट्या माणसाने ते किती वेळा करावं, यावर मात्र लोक हिरिरीने भांडतात. माझा धाकटा भाऊ तर ताट बाजूला सारून भांडतो.

तो जळगावलाच असतो, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. हुशार आहे, आणि नको तितका नीटनेटका. लहानपणी वह्यांना कव्हरं घालून झाल्याशिवाय अभ्यासाला बसायचा नाही, आणि कव्हरं घालून झाली की दमून झोपायचा. त्याचं म्हणणं असं की कमिट म्हणजे एक पुरा विचार. संध्याकाळी काम तडीस गेलं, तपासलं, झाडून पुसून घेतलं की एकच कमिट करावं, देखणं.

"ताई, वाक्य संपल्याशिवाय कुणी पूर्णविराम देतं का?" तो विचारायचा.

"तुझी वाक्यं संपतात रे बाबा," मी म्हणायचे. "माझं वाक्य अर्ध्यात असताना दारात भाजीवाली उभी राहते."

माझा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो धुळ्याच्या नळाने घालून दिला होता. खुर्चीवरून उठायचं असेल तर आधी कमिट. दूध तापायला ठेवलं असेल तर आपण गॅस बंद करून मगच दार उघडायला जातो, तसंच. काम पुरं झालंय की अर्धवट आहे हा प्रश्नच नाही. कुकर झाला, कमिट. फोन वाजला, कमिट. "नळ उना" ऐकू आलं की आधी बोटं चालायची आणि मग पाय. परत येऊन बसले की आपण कुठे होतो हे आठवत बसायला नको, चिठ्ठी सांगायची.

चिठ्ठ्या मी अहिराणीत लिहायचे. बघणारं कोण होतं? इंग्रजीत लिहिलं की मला उगाच कुणीतरी तपासणार आहे असं वाटायचं. अहिराणीत मन मोकळं व्हायचं. "बठ्ठं मोडनं," म्हणजे सगळं मोडलं. "आते तरी चाल रे." "नळ उना, उठनू." भावाने एकदा ही जंत्री पाहिली आणि हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, "ताई, हा प्रोग्रॅम आहे की ओट्यावरच्या गप्पा?" मी म्हटलं, ओट्यावरच्या गप्पांवरच गल्ली चालते.

ही अहिराणी मला शिकवली अक्कांनी. त्या आमच्या समोरच्या घरात एकट्या राहतात, दोन खोल्या आणि दारात एक शेवगा. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्या मला दारात बसवून एकेक शब्द घोकून घ्यायच्या आणि चुकले की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसायच्या. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर कळतं, नाहीतर नाही. यंत्र आणलं होतं, पण त्याने डोक्यात भुंगे फिरतात म्हणून ते फडताळात गेलं. तब्येत ठणठणीत, भाकरी अजून हातावर थापतात, पण नळाची आरोळी काही त्यांच्यापर्यंत पोचेना.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लागोपाठ दोन खेपा त्यांचं पाणी हुकलं. आम्हाला कुणालाच कळलं नाही. जो तो आपापलं पिंप भरत होता. अक्का तळाशी राहिलेलं पाणी गाळून पीत राहिल्या आणि आजारी पडल्या. मी चिडले. "अक्का, मला हाक का नाही मारली?" मी त्यांच्या कानात ओरडले.

"कोनले कोनले सांगू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "नळ उना का बठ्ठासले आपला हंडा दिखस."

त्यात काय खोटं होतं?

सुरतेहून त्यांचा मुलगा आला. तिथे कापडाच्या कारखान्यात आहे, भला माणूस आहे, आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणाला, "वहिनी, घरात पाणी भरता येत नाही तर मी हिला इथे कशाच्या भरवशावर ठेवू?" अक्कांनी ऐकलं नाही, पण ओठांवरून ओळखलं. "मनं घर सोडीसन मी कोठेच जात नही," त्या म्हणाल्या आणि शेवग्याखाली जाऊन बसल्या. शेवटी असं ठरलं की आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली की तो परत येईल. तोवर काही तजवीज झाली तर ठीक, नाहीतर अक्का सुरतेला.

ती तजवीज मी करते, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. बोलून मोकळं व्हायचं आणि मग रात्रंदिवस निस्तरत बसायचं, हा माझा जुना स्वभाव.

कल्पना साधी होती. अक्कांच्या नळाच्या पाइपात एक छोटं चाक बसवायचं. पाणी आलं की चाक फिरणार, चाकाची तार एका बोटभर इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, आणि बोर्डाने अक्कांच्या चुलीपाशी एक मोठा लाल दिवा लावायचा. कान नाहीत, डोळे तर आहेत. चाक किती फिरलं म्हणजे दिवा लावायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहायचा आणि बोर्डावर चढवायचा. हे सगळं घरच्या पिंपातलं पाणी नळीने सोडून मी चालवून बघितलं आणि पहिल्याच दिवशी दिवा लागला. मी नाचले. खोटं कशाला सांगू, खरोखर नाचले.

पण पिंपातलं पाणी वेगळं आणि नळाचं वेगळं. खरी परीक्षा नळ येईल तेव्हाच, म्हणजे आठवड्यातून एकदा, आणि तीही मी माझं पाणी भरत असताना. पहिल्या खेपेला दिवा लागलाच नाही. दुसऱ्या खेपेला लागला आणि विझेना. मधल्या दिवसांत मी प्रोग्रॅमात हजार ठिकाणी हात घालायचे, आणि प्रत्येक वेळी उठायच्या आधी कमिट.

मग एका दुपारी मी मुद्दाम अक्कांच्या नळापाशी पाट टाकून बसले. आमच्याकडे पाणी येण्याआधी नळातून हवा येते. तोटी फुसफुसते, खोकते, एखाद्या म्हाताऱ्यासारखी घसा साफ करते, आणि मग थोड्या वेळाने करंगळीएवढी धार सुरू होते. ती हवा चाकाला गरगर फिरवत होती, पाण्याहूनही जोरात. आणि माझ्या प्रोग्रॅमात हवेचं फिरणं मी खोटं म्हणून सोडून देत होते! मी कपाळावर हात मारून घेतला. हवा म्हणजे तर वर्दी. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला हंडे-कळशा काढायला, नळी लावायला तेवढाच वेळ मिळायला हवा. मी ती अट काढली, कमिट केलं आणि चिठ्ठी लिहिली, "हवा बी चाली," म्हणजे हवाही चालेल. पुढच्या खेपेला धार सुरू व्हायच्या आधीच दिवा लागला. अक्कांनी टाळी वाजवली.

एवढं झाल्यावर मी दिव्याला बॅटरी जोडायच्या कामाला लागले, म्हणजे वीज गेली तरी दिवा लागावा. ते अर्धवट असतानाच आखाजी आली.

आखाजीला खानदेशातली लेक माहेरी गेली नाही तर माहेरचं आंबट तोंड होतं. मी जळगावला गेले आणि लॅपटॉपही नेला. दुपारी आमरस ओरपून झाल्यावर मी तो उघडला, तर भावाने माझ्या हातातून काढूनच घेतला.

"आखाजीला माहेरवाशिणीने काम करायचं नसतं," तो म्हणाला. "झोक्यावर जा. तुझं काम मी करतो."

कॉलनीतल्या कडुनिंबाला झोका बांधलेला होता. कितीतरी वर्षांनी मी उंच झोका घेतला, पदर कमरेला खोचून, शेजारच्या लेकींबरोबर ओरडत. वरून मला खिडकीत भाऊ दिसत होता, माझ्या लॅपटॉपसमोर पाठ ताठ करून बसलेला. मला फार सुख वाटलं. आजवर माझं काम दुसऱ्या कुणी हातात घेतलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याने मला कौतुकाने दाखवलं. माझा सगळा पसारा त्याने आवरला होता. फांद्या छाटाव्यात तसा प्रोग्रॅम अर्ध्यावर आणला होता, बॅटरीचं काम पुरं केलं होतं, आणि माझ्या त्या सगळ्या फुटकळ कमिटांची एकच घडी घातली होती. एकच कमिट, इंग्रजीत, सुरेख.

"माझ्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"आता त्यांची गरज काय? काम पुरं झालं ना?"

मला थोडं चुकल्यासारखं झालं. पण भावाने आखाजीची भेट म्हणून दिलेलं, त्याला नाक मुरडायचं तरी कसं? चाचणीसाठी मी बरोबर नेलेलं दुसरं चाक, बोर्ड आणि दिवा घरच्या टाकीच्या नळाला जोडून त्याने ते चालवून दाखवलं, दिवा झकास लागला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडीने मला धुळ्याला सोडायला आला आणि अक्कांच्या चुलीपाशी उकिडवा बसून त्याने नवा प्रोग्रॅम बोर्डावर चढवला. अक्कांनी त्याला सांजोऱ्या खायला घातल्या. सुरतेचा मुलगा त्याच सकाळी आला होता. त्याने आईची पिशवी भरून दारामागे ठेवलेली मला दिसली. अक्का त्या पिशवीकडे बघत नव्हत्या.

नळ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. माझ्या मोरीतल्या तोटीने घसा खाकरल्याबरोबर मी माझ्या पिंपाला नळी लावून दिली आणि समोर धावले. भाऊही मागून आला. अक्का चुलीपाशी दिव्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दाराला टेकून उभा होता. त्यांच्या तोटीतून हवा सुटली होती, मला लख्ख ऐकू येत होती.

दिवा काळाठिक्कर.

"थांब," भाऊ म्हणाला. "ही हवा आहे. ती मी वगळलीय. धार सलग सुरू झाली की लागेल. हवेने दिवा लागला आणि पाणी आलंच नाही तर? उगाच खोटा निरोप."

धार सुरू झाली. तेवढ्यात गल्लीत एकेक मोटर चालू झाली. आमच्याकडे सगळे नळालाच मोटर जोडतात आणि पाणी ओढून घेतात. अक्कांकडे मोटर नाही. त्यांची धार बारीक झाली, तुटली, परत आली, परत तुटली. सलग म्हणून ती वाहिलीच नाही. जळगावला बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? त्याचा प्रोग्रॅम सलग धारेची वाट बघत बसला. अक्का दिव्याची वाट बघत बसल्या. त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर पाणी ठिबकत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. "हवा वगळली? कुणाला विचारून वगळलीस?" मी भावावर खेकसले. "हवा खोटी ठरली तर अक्का घटकाभर नळापाशी बसून राहतील, एवढंच होईल. पाणी येऊनही दिवा लागला नाही तर त्या तहानेने मरतील! एवढा साधा हिशोब कळत नाही तुला? आणि माझं जुनं सगळं पुसून टाकलंस!"

"पुसलं नाही गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "बाजूला ठेवलंय. तुझ्या वस्तू मी टाकीन का?"

मी रस्ता ओलांडून लॅपटॉप घेऊन आले. अक्कांची एक बादली पालथी घातली, त्यावर तो ठेवला आणि जमिनीवर मांडी घातली. भावाने बोट ठेवून दाखवलं. वेगळ्या नावाने ठेवलेलं माझं सगळं तिथे होतं. नाव दिलं होतं, "ताईचा पसारा". आणि त्या पसाऱ्यात माझ्या साऱ्या चिठ्ठ्या एकाखाली एक, जशाच्या तशा. माहेरचा जुना फोटो सापडावा तसं मला भरून आलं. पण रडायला वेळ कुठे होता? नळ जायला फार अवकाश नव्हता.

सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात ताजी, चिठ्ठी होती, "अर्धं शे, आखाजीले चालनू." ते बॅटरीचं अर्धवट काम, ते नको. खालची, "बॅटरी लायी, दिवा रुसना." तेही नको. त्याच्या खालची उचलली, बोर्डावर चढवली. दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. बाहेर एक मोटर बंद झाली, म्हणजे कुणाचं तरी पाणी भरून झालं. भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होता. आता तो हसत नव्हता.

"ताई, ती," तो म्हणाला. "हवा बी चाली. ती घे."

मी ती घेतली. त्या जागी परत गेले, जसंच्या तसं, त्या दुपारी पाटावर बसून जिथे उठले होते तिथे. बोर्डावर चढवायला मिनिटभरही लागत नाही. तोटीतून एक बारीक तुटकी धार आली, चाक हललं, आणि चुलीपाशी लालभडक दिवा पेटला.

"दिवा लागना!" अक्का ओरडल्या. बसल्या जागेवरून एखाद्या पोरीसारख्या उठल्या आणि कळशी घेऊन नळाकडे गेल्या. जेवढं मिळालं तेवढं पाणी त्यांनी स्वतः भरलं. भावाने हंडा उचलायला हात पुढे केला तर त्याच्या हातावर चापट बसली.

मी जिंकले असं मला वाटलं, पण मुलगा शहाणा होता. नळ गेल्यावर तो मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही समोर बसलात म्हणून लागला. तुम्ही नसताना लागायला हवा."

बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, "मग पुढच्या नळापर्यंत थांब. मी तुमच्या उंबऱ्याला पायसुद्धा लावणार नाही." त्याने कारखान्यात फोन करून सुटी वाढवून घेतली. पिशवी दारामागे तशीच राहिली.

भाऊ त्याच संध्याकाळी निघणार होता, पण निघाला नाही. माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसला आणि आम्ही दोघांनी मिळून बॅटरीचं काम नव्याने केलं, माझ्या पद्धतीने. त्याचं त्याच्या जागी सोनं होतं, हे मी कबूल करते. बॅटरीचा भाग त्याने लिहिलेलाच घेतला, तो माझ्याहून कितीतरी साफ होता. फक्त त्याचे तुकडे केले, आणि एकेक तुकडा जोडला की एक कमिट. मध्येच मी चहाला उठायला लागले तर त्यानेच माझा हात धरला. "आधी कमिट," म्हणाला. आणि चिठ्ठी त्याने लिहिली, मोडक्यातोडक्या अहिराणीत. मी ती दुरुस्त केली नाही, तशीच राहू दिली.

"पण मला एक सांग," चहा पिताना तो म्हणाला, "एकटीचं काम, वाचणारं कुणी नाही. मग एवढ्या चिठ्ठ्या कुणासाठी?"

"एकटं काम करणाऱ्याला दुसरं कोण सांगणार आपण काय केलं होतं ते?" मी म्हटलं. "तुझ्या कंपनीत तू विसरलास तर शेजारचा सांगतो. इथे माझ्या शेजारी कुकर आहे."

जाताना अक्कांच्या बोर्डावर ते सगळं चढवून तो जळगावला परत गेला. मी माझ्या कामाला लागले आणि समोरच्या घराकडे न बघण्याचा निश्चय केला. तो निश्चय सगळ्यात अवघड गेला. दर थोड्या वेळाने खिडकीतून मान लांब व्हायची. शेवग्याखाली अक्का निवडण-टिपण करत असायच्या, मुलगा खाटेवर पडलेला असायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. अक्का सुरतेला गेल्या तर समोरचं दार बंद दिसणार, हे मनात आलं की मी एकच ओळ परत परत टाइप करायचे. अहिराणीतलं माझं चुकलेलं वाक्य ऐकून हसणारं गल्लीत दुसरं कोण आहे?

आणि मग एका दुपारी, जेवणं होऊन गल्ली डोळे मिटून पडली होती तेव्हा, मी पहूरच्या दुकानाच्या प्रोग्रॅमात डोकं घालून बसले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. माझ्या मोरीतली तोटी गप्प होती. एरवी पहिली आरोळी देणारी गल्लीच्या टोकाची बाई गप्प होती. आणि एकदम समोरून आवाज आला. असा खणखणीत, की आपला आवाज किती मोठा आहे हे ज्याला ऐकू येत नाही त्याचाच असू शकतो.

"पानी उनं वं! उठा बठ्ठ्या! पानी उनं!"

मला क्षणभर समजेचना. माझी तोटी तर अजून कोरडी होती. मग तिने घसा खाकरला. अक्कांची आरोळी नळाच्या आधी आली होती! त्यांचं घर पाइपाच्या वरच्या अंगाला, हवा तिथे आधी पोचते, आणि माझा दिवा हवेला लागतो. आख्ख्या गल्लीत नळाची पहिली खबर आता त्या बाईला होती जिला ऐकू येत नाही.

पाय उठायला निघाले होते, पण बोटं आधी चालली. माझं चालू काम कमिट केलं. मग दिव्याचा प्रोग्रॅम उघडला, त्यात काही न बदलता एक कोरं कमिट केलं, आयुष्यात पहिल्यांदाच, फक्त चिठ्ठी लिहिण्यासाठी. "दिवा लागना. अक्कानी बठ्ठी गल्ली उठाडी." भावाला तेच फोनवर पाठवलं. त्याचं उत्तर यायच्या आत मी पळत बाहेर गेले होते.

दारोदारच्या बाया कळशा घेऊन धावत होत्या, आणि अक्का आपल्या उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून राणीसारख्या उभ्या होत्या. मागे चुलीपाशी लाल दिवा जळत होता. त्यांची नळी लावून झाली होती, हंडा मांडून झाला होता. मुलगा खाटेवर झोपलेलाच होता. एवढ्या गलक्यातही त्याला जाग आली नव्हती. अक्का वळल्या आणि त्याच्या दंडाला धरून त्याला गदागदा हलवलं. तो बनियनवर, डोळे चोळत, गोंधळून उठून बसला.

"ऐकू कोनले येत नही रे," अक्का म्हणाल्या, "माले का तुले?"

सगळी गल्ली हसली. मी तर रस्त्याच्या मध्ये उभी राहून रडत हसले, माझ्या पिंपावरून पाणी वाहून गेलं तरी मला भान नव्हतं. तो बिचारा लाजला, मग तोही हसायला लागला, आणि आईने दाखवला तो हंडा उचलून आत नेऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच सुरतेच्या गाडीत बसला. दारामागची पिशवी अक्कांनी रिकामी केली, झटकली आणि शेवग्याच्या शेंगा भरून माझ्या हातात दिली.